हिरवा म्हणजे मी ठीक आहे

३ जून
फ्यूज उडाला की गुरुप्रसाद स्टुलावर चढायचे आणि मी खाली टॉर्च धरायची. "फ्यूजवर धर, माझ्या तोंडावर नको," असं ते दर वेळी म्हणायचे आणि दर वेळी टॉर्च त्यांच्या तोंडावरच असायची. दातांत तार धरून, डोळे बारीक करून ते हसायचे. लाइट आली की आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहायचो, जसं काही वीज आम्हीच शोधून काढली. मग चहा.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. सांगायचा मुद्दा इतकाच की विजेचं काम मला नवीन नाही.

हकीकत अशी. गेल्या महिन्यात मी मागच्या पायरीवर बसले. भाविका त्याला "पडलीस" म्हणते. मुलगी आहे, डोंबिवलीत राहते, तिला इथली पायरी काय ठाऊक. म्हणाली, मम्मी, आता एकटीने राहायचं नाही, गणपतीला येईन तेव्हा तुला घेऊनच जाईन. मी म्हटलं, गणपतीपर्यंत अशी व्यवस्था करून दाखवते की तुला काळजीच उरणार नाही. कसली व्यवस्था, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

आज कळलं. यूट्यूबवर एक मुलगी बारक्या बोर्डावर रंगीत एलईडी लावत होती. लाल, हिरवा, निळा, एकाच दिव्यात. नवशिक्यांसाठी, असं ती सारखं म्हणत होती.

समोर तुळसाचं घर. खिडकीसमोर खिडकी, मधे फक्त आळी. माझ्या खिडकीत दिवा. रात्री लाल, सकाळी उठले की बटण दाबायचं, हिरवा. उशिरापर्यंत लालच दिसला तर यायचं. भाविका म्हणाली, त्यापेक्षा तुळसाकाकूंना फोन कर ना. फोन म्हणजे कुणाला तरी हाका मारणं. दिव्याकडे नुसतं बघायचं असतं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला हेच शिकवलं, गरज असेल तर हात वर करा, ओरडू नका.

आठ दिवस पुरे.

५ जून
संदेशच्या दुकानात गेले. इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं सामान ठेवतो. मायक्रोकंट्रोलर बोर्ड, एलईडी, बटण, वायरी, भोकाभोकांचं एक पांढरं पॅड. "नातवाचं प्रोजेक्ट काय, काकी?" मी म्हटलं, माझं. त्यानंतर तो सामान जरा हळू भरायला लागला. "कळलं नाय तर या परत." येणार नाही, असं मनात म्हटलं.

रिक्षा करून आले. गुडघा ठीक. पावसाळ्यात सगळ्यांचाच दुखतो.

८ जून
भाविकाचा जुना लॅपटॉप चालतो. प्रोग्रॅमिंग म्हणजे काही मोठं नाही. शुद्धलेखन आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी सेमिकोलन, कंस उघडला तर बंद करायचा, समास सोडायचा. सिस्टर फिलोमिना आमच्या वहीत हेच बघायच्या. मला वर्गात बक्षीस होतं त्यासाठी. मधेमधे आपल्यासाठी टीप लिहिता येते, ती बोर्ड वाचत नाही. मी लिहिली, "कृपया आता हिरवा दिवा लावावा." बोर्ड वाचत नसला तरी आपण बोलायची रीत सोडू नये.

दिवा लागला नाही.

१२ जून
लागला नाही. दमट हवा. अशा हवेत पापडसुद्धा कुरकुरीत राहत नाही.

एलईडीला चार पाय. सगळ्यात लांब पाय निगेटिव्हला लावायचा, असं ती मुलगी सांगते. तसाच लावलाय. वायरी काढून पुन्हा लावल्या. डोळ्यांवर ताण. दुपारी झोपले ती दिवेलागणीला उठले. झोपले म्हणजे विचार करत होते.

उद्यापासून रोज सकाळी फक्त तासभर. शिस्त हवी.

१५ जून
लागला! झालं असं की चष्मा टेबलाखाली गेला, तो काढताना लांब पायाची वायर निसटली. चष्म्याशिवाय पुन्हा खोचली ती चुकून पॉझिटिव्हच्या भोकात. आणि भप्पकन उजेड. काही माणसांच्या हातालाच कळतं. गुरुप्रसाद म्हणायचे, तुझ्या हाताला लाइट घाबरते.

एकच किरकोळ बाब राहिलीय. लाल सांगितला की फिरोजी लागतो. हिरवा सांगितला की जांभळट गुलाबी. विझ म्हटलं की लख्ख पांढरा.

१६ जून
रंग बदलण्यापेक्षा समज बदलावी. तुळसाला सांगितलं, फिरोजी दिसला तर या, जांभळट गुलाबी म्हणजे मी ठीक आहे. ती कोळंबी सोलत होती. म्हणाली, "वैनी, एवढं कोन लक्षात ठेवनार? साडीचं दुकान हाय काय?" तिची सासू धोंडूबाई पडवीत जमिनीवर बसलेली. नव्वदीच्या आसपास. तिने विचारलं, फिरोजी म्हणजे काय. कुणालाच नीट सांगता येईना.

१९ जून
गेले संदेशकडे. सहज, त्या बाजूला काम होतं.

त्याने एलईडी उजेडात धरून बघितला. "असेल बुवा कॉमन अ‍ॅनोड. मिक्स येतात, काकी. हे उलटं असतं. लांब पाय पॉझिटिव्हला, आणि प्रोग्रॅममध्ये रंगाला शून्य लिहिलंत की पूर्ण पेटतो, दोनशे पंचावन्न लिहिलंत की विझतो." मी म्हटलं, शून्य म्हणजे पूर्ण? ही कुठली पद्धत? "पद्धत नाय ती, तशी वस्तूच हाय." आमच्या शाळेत शून्य म्हणजे शून्यच होतं. पण वाद घातला नाही. घरी येऊन सगळे आकडे उलटे केले.

लाल लागला. खराखुरा लाल. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. भाविका मीटिंगमध्ये होती.

२१ जून
दिवसा दिवा दिसत नाही अशी तुळसाची तक्रार. मुरंब्याची रिकामी बरणी धुतली, आतून बटर पेपर लावला, दिव्यावर पालथी घातली. मागे काळी छत्री उघडून ठेवली. आता आळीच्या टोकापासून दिसतो.

धोंडूबाई कुणाला तरी सांगत होती, "गुरुप्रसादची बायको खिडकीत मुरंबा पेटवून बसली हाय." मी ऐकलं. मी हसले. खूप दिवसांनी मोठ्याने.

बटण बोर्डापासून वीतभर अंतरावरच आहे, म्हणजे खिडकीतच. वायर तोकडी. लांब वायर आणली की कॉटपर्यंत नेता येईल, न्हाणीपर्यंतसुद्धा. उद्या आणते.

२५ जून
आज परीक्षा घेतली. उठले, चहा केला, पण बटण मुद्दाम दाबलं नाही. दिवा लाल. खुर्ची खिडकीपासून जरा आत घेऊन बसले.

समोर पडवीत तुळसाचा नवरा शिवा जाळं विणत होता. सध्या मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे तो दिवसभर तिथेच असतो. त्याने दिव्याकडे बघितलं. दोनदा. आत जाऊन तुळसाला काहीतरी सांगितलं. तिनेही बघितलं. मग दोघांनी आवाज कमी केला. धोंडूबाईला खोकला आला तर तिलाही गप्प केलं.

दुपार झाली. कुणी आलं नाही. मला वाईट वगैरे वाटलं नाही. माणसं आपापल्या कामात असतात. जेवले नाही कारण भूक नव्हती.

२६ जून
तुळसाला विचारलंच. काल दिवा लाल होता, बघितला नाहीस? "बगितला की! म्हनून तर आलो नाय." शिवा तांडेल आहे, होडी त्याच्या हाताखाली चालते. त्याने घरात सांगितलं होतं, दुसऱ्या होडीचा लाल दिवा दिसला की वाट तिची, आपण बाजूला व्हायचं. "वैनी लाल लावून बसल्यात म्हंजे त्यांना कुनी आडवं जायचं नाय." मी म्हटलं, शिवा, हे घर आहे. तो म्हणाला, "मग लाल कशाला लावलाव?" वर हेही म्हणाला की लाल म्हणजे होडीची नुसती डावी बाजू, पूर्ण होडी दाखवायची तर उजवीकडच्या खिडकीत एक हिरवा लावा.

पुन्हा सगळं समजावलं. लाल, म्हणजे या. धोंडूबाईने मान हलवली. "आता बग, बोलावल्यावर कशी येतंत सगळी."

२ जुलै, सकाळी ११
लिहायलासुद्धा नको वाटतं. काल गुडघ्यासाठी गोळी घेतली होती. म्हणजे वाचत बसले होते, म्हणून उशिरा झोप लागली. डोळा उघडला तो दार फोडण्याच्या आवाजाने. शिवा आणि आळीतली निम्मी माणसं मागच्या दाराने आत. एकाच्या हातात वल्हं. मी गाउनवर, केसांना तेल थापलेलं, दात ग्लासात. तुळसा रडत होती. मी दिसल्यावर आणखी रडली. "किती हाका मारल्या वो!"

सगळ्यांना चहा करावा लागला. दूध पुरलं नाही. मागच्या दाराची कडी तुटली, ती बसवून घ्यायची आहे.

अशी व्यवस्था नको. माणसाला उशिरा उठायचा अधिकार आहे.

३ जुलै
प्रोग्रॅम बदलला. आता हिरवा कायम, दिवसरात्र. आपल्याला काही झालं तरच बटण दाबायचं, मग लाल. किती साधं. आधीच हे का सुचलं नाही. ओळी कमी झाल्या, टीप एकच ठेवली, "कृपया मी ठीक आहे."

तुळसाला सांगितलं, हिरवा आहे तोवर निश्चिंत राहा. ती म्हणाली, "आनि तुमी बटनापर्यंत आलाव नाय तर?" मी हसले. खिडकी सोडून मी जाते कुठे?

लांब वायर उद्या आणणारच आहे.

१० जुलै
भाविकाला व्हिडिओवर दाखवलं. हिरवा. बटण, लाल. पुन्हा बटण, हिरवा. तिने टाळ्या वाजवल्या. ऑफिसातल्या एका बाईलाही बोलावून दाखवलं. डोंबिवलीचा विषय निघाला नाही. मी काढला नाही. संपला म्हणायचा.

दुपारी लाइट गेली. दिवा चार्जरवर आहे, तोही गेला. तुळसा धावत आली. लाइट गेलीय बाई, मी ठीक आहे, असं सांगितलं. ती बसली मग. आम्ही चहा घेतला, तिने नव्या जाळ्याच्या कटकटी सांगितल्या, मी भाविकाच्या. लाइट आली तरी ती बराच वेळ होती.

यावर उपाय पॉवर बँक. त्यावर दिवा विझणार नाही. वायरीबरोबर आणते. कडीचंही त्याच फेरीत बघते.

१७ जुलै
पूर्वी तुळसा रोज सकाळी येऊन दारातूनच विचारायची, "चाय झाली काय, वैनी?" हो म्हटलं तरी आत यायची. आता दिव्याकडे बघते, हात हलवते, कामाला लागते. मीही हात हलवते. केवढा वेळ वाचतो. दोघींचाही.

वाचलेल्या वेळात काय करायचं याचं एक टाइमटेबल आखायला घेतलं. सकाळचं वाचन, मग विणकाम, मग प्रोग्रॅमिंगचा पुढचा धडा. सूर्योदयासारखा रंग हळूहळू बदलता येतो म्हणे. वाचनापर्यंत आखून झालं. दमले.

आज कुणाशी बोलले ते आठवून बघितलं. दूधवाला आला होता.

बाजारात जायचं राहिलं. पाऊस.

२५ जुलै, संध्याकाळी
डाव्या हाताला प्लास्टर आहे, उजव्याने लिहितेय. म्हणजे अक्षराला काही झालेलं नाही.

सकाळी न्हाणीत साबणावरून पाय गेला. बसले. या वेळी उठता आलं नाही. हात खाली सापडला होता आणि पाय भलत्याच दिशेला. न्हाणीच्या झडपेतून माझी खिडकी दिसत नाही, पण पावसाने अंधारून आलं की समोरच्या ओल्या भिंतीवर दिव्याचा उजेड पडतो तो दिसतो. हिरवा. छान, स्वच्छ हिरवा.

शिवाचा आवाज येत होता. तुळसा आळीतल्या कुणाला तरी म्हणाली, "वैनी बऱ्या हायत, तो बगा हिरवा." तिच्या आवाजात जरा अभिमान होता. मी हाक मारली. एकदा "तुळसा" म्हटलं. मग, का कोण जाणे, "एक्सक्यूज मी" म्हटलं. पत्र्यावर पाऊस. परत हाक मारायला लाज वाटली. दिवा हिरवा असताना बाई ओरडते कशाला, असं वाटेल.

मग नुसतीच पडून होते. बसून होते, असं लिहायला हवं. पण पडूनच होते.

दुपारी लाइट गेली. भिंतीवरचा हिरवा गेला. थोड्या वेळाने मागचं दार वाजलं आणि तुळसाचा आवाज, "लाइट गेली, म्हटलं वैनीकडे चाय घेऊ."

शिवाने आणि आणखी दोघांनी उचलून रिक्षात घातलं. मनगट मोडलंय, घोटा सुजलाय, बाकी काही नाही. हॉस्पिटलात तुळसा सारखी तेच म्हणत होती, "हिरवा होता वो, मी सकाळपास्न बगत होते, हिरवा होता." मी तिची समजूत घातली. दिवा विझला म्हणूनच तू आलीस ना? म्हणजे दिव्यानेच वाचवलं. सिस्टिम उत्तम चालली.

पॉवर बँक आणली नव्हती तेच बरं झालं.

२८ जुलै
भाविका रात्रभर प्रवास करून आली. मी भांडणाची तयारी ठेवली होती. मुद्दे काढून ठेवले होते. वायर लांब करता येते. न्हाणीत दुसरं बटण बसवता येतं. रोज सकाळी ठरलेल्या वेळी दाबायचा पहिला प्रोग्रॅम खरं म्हणजे बरोबर होता, तो परत घालता येतो.

तिने आल्या आल्या कंगवा घेतला. माझे केस विंचरले. दात घासून दिले. मग खिडकीपाशी गेली, बरणी उचलून खालच्या वायरी बघितल्या. बटण दाबलं. लाल. समोर शिवा ताडकन उठला. तिने पुन्हा दाबून हिरवा केला आणि त्याला हात दाखवला.

"छान केलंयस, मम्मी," म्हणाली. "खरंच छान केलंयस."

तिने नुसता वाद घातला असता तर मी जिंकले असते.

३० जुलै
जातेय. फक्त पावसाळ्यापुरती. प्लास्टर निघालं की परत. दिवाळीच्या आत. फार तर नाताळ.

भाविका आत सामान बांधतेय. घर बंद राहणार, तर वस्तू उगाच खराब होऊ नयेत म्हणून कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते. म्हणजे तिला सारखं विचारायला नको.

फ्रीज आणि त्यातलं सगळं तुळसाला. कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या आहेत, त्यातली एक गेल्या वर्षीची, ती आधी संपवावी. मिक्सर तिलाच. त्याचं झाकण धरून ठेवावं लागतं.

गुरुप्रसादचा रेनकोट शिवाला. दर्यावर चालेल. खिशात काही सापडलं तर माझ्याकडे पाठवू नये.

लॅपटॉप भाविकाचाच, तिने न्यावा. उरलेल्या वायरी, रेझिस्टर, पांढरं पॅड संदेशला परत. नवशिक्या बाईला एलईडी देताना कुठल्या जातीचा आहे ते पुडीवर लिहून द्यावं, असा निरोपही.

बोर्ड आणि दिवा कुणाला, ते ठरत नव्हतं. तुळसा म्हणाली, "मला द्या. हिरवाच ठेवते, लाल नको बाबा." देते. पण बरणी तिला नको, तिच्याकडे खूप आहेत. बरणी आळीत कुणालाही द्यावी.

तांदळाचा डबा आणि देवांची समई तुळसाकडे ठेवायला. ठेवायला, द्यायला नाही. हे तिला नीट सांगावं.

विणकामाच्या सुया मी नेते. हात बरा झाल्यावर लागतील.

कॉट धोंडूबाईला. ती जमिनीवर झोपते आणि उठताना सगळ्या घराला हाका मारते. तुळसा म्हणाली, "आनि तुमी आल्यावर कुठं झोपाल?" मी म्हटलं, ते तेव्हा बघू. शिवाने आणि आणखी कुणीतरी मिळून न्यावी, दारातून आडवी निघत नाही, पाय सोडवावे लागतील. आमची गाडी आळीतून वळली की न्यावी. आधी नको.